हवाकाका

पुण्यात जिथे जिथे शंभरेक फ्लॅटची सोसायटी आहे, तिथे एक हवाकाका असतातच. भोसरी किंवा चिंचवडच्या कारखान्यात मेन्टेनन्सला तीस-बत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झालेले असतात. कारखान्यात दाबाची हवा एका वेगळ्या शेडमध्ये कंप्रेसरवर तयार होते, पाइपांतून शॉपभर फिरते आणि जाता जाता जॉइंटाजॉइंटाला गळते. देखभाल ढिली असेल तर २०-३० टक्के हवा अशीच वाया जाते. काकांची हयात साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन ही गळती शोधण्यात गेलेली. त्यामुळे कान अजून तिखट आहेत. स्वयंपाकघरात कुकरची वाफ कडेने निसटू लागली की ते हॉलमधून ओरडतात, “गॅस्केट बदल!”

पुण्याच्या औद्योगिक इतिहासाबद्दल त्यांना अभिमान आहे. कंप्रेसर बनवणारी पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ ची आणि त्याच धंद्यातली कोइमतूरची एल्जी १९६० ची. ही दोन वर्षांची आघाडी ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवतात, जणू पहिल्या वर्षी हवा त्यांनीच भरली होती.

एरवी अशा माणसाला विचारतं कोण? पण हल्ली घरोघरी कंप्रेसर घ्यायची हौस आली आहे. कुणाला गाडीच्या टायरमध्ये हवा भरायची असते, कुणाला एसीच्या जाळीतली धूळ उडवायची असते, कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघून जुन्या कपाटाला स्वतः रंग मारायचं ठरवलेलं असतं. शिवाय सोसायटीत कुठल्या ना कुठल्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालूच असतं. ही सगळी मंडळी काकांकडे येतात. येतात एका अपेक्षेने आणि जातात दुखावून.

कारण काका पहिला प्रश्न विचारतात, “हवा कशाला हवी?” टायरला म्हटलं की निकाल तिथेच. कारच्या टायरला लागते ३०-३५ पीएसआय हवा. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, तळहातावर मावेल एवढा पंप ते काम करतो. “आणि सायकल असेल तर?” असं कुणी विचारलंच तर काका त्याच्या पायांकडे बघतात. चोवीस लिटरच्या लाल टाकीचं स्वप्न घेऊन आलेला माणूस फूटपंपाचा सल्ला घेऊन परत जातो आणि मग बरेच दिवस लिफ्टमध्ये बोलत नाही.

ज्याची गरज खरी निघते, त्याच्याबरोबर काका बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जातात. दुकानदार त्यांना ओळखतो आणि ओळख न दाखवण्याचा प्रयत्न करतो.

“हा घ्या, तीन एचपी.”

काका खिशातून रुमाल काढतात, चष्मा पुसतात, मग मोटरवरची पत्र्याची पट्टी पुसतात. “इथे १५०० वॅट लिहिलंय. ७४६ ने भागा. दोन एचपी झाले. तिसरा कुठे गेला?”

“तो खोक्यावर आहे, काका.”

“बरं, हवा किती देतो?”

“आठ सीएफएम.”

“ती पिस्टन ओढतो ती. बाहेर किती येते?”

“बाहेर येते ना. नळीतून येते.”

इथे काकांचा आवाज चढतो. छोट्या मशिनमध्ये खोक्यावरचा आकडा आणि दाबाखाली प्रत्यक्ष मिळणारी हवा यांत तीसचाळीस टक्क्यांची तफावत सहज असते. गिऱ्हाईक मात्र एचपी, टाकी आणि रंग बघतं. गच्चीवरची टाकी केवढीही बांधा, खालचा पंप पाणी किती चढवतो ते बघा, असं काका सांगतात. दुकानदाराला हे पाठ आहे. शेवटचे दोन शब्द तो त्यांच्याबरोबर म्हणतो.

मग काकांचं गणित सुरू होतं. चोवीस लिटरची टाकी ८ बारला भरून मोटर बंद पडते आणि दाब साडेपाचवर उतरला की पुन्हा सुरू होते. या मधल्या अडीच बारमध्ये हवा मिळते ६० लिटर. सुताराच्या पिन गनला एका पिनेमागे लिटरभर पुरते, म्हणजे पन्नाससाठ पिना निवांत मारून होतात. पण रंगाची गन मिनिटाला सव्वादोनशे लिटर ओढणारी असेल तर तीच हवा ती सोळा सेकंदांत संपवते. पुढे मोटर अखंड धापा टाकत राहते, कपाटाचं एक दारही धड होत नाही आणि सगळे कंपनीला शिव्या देतात. फर्निचर ठोकायला मशिन छोटं चालतं आणि रंगवायला मोठं लागतं, हे एवढं सरळ आहे. तरी ज्याला ठोकायचं असतं तो मोठं घेतो.

तेलाच्या आणि बिनतेलाच्या मशिनांचा वाद काका फार थोडक्यात मिटवतात. तेलाचं जास्त टिकतं. पण हवेबरोबर तेलाचा अंश आला तर पॉलिशवर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात, आणि गाडीच्या डिकीत आडवं पडलं तर डिकीचंही वंगण होतं. बिनतेलाच्याला ही कटकट नाही. त्याचं आयुष्य मात्र कमी. तीन मजले जिना चढून नेणाऱ्याला हे सगळं गौण वाटतं. वीस-पंचवीस किलोच्या वस्तूला कडी लावली की ती पोर्टेबल होते; कडी कुणी धरायची ते कॅटलॉगात नसतं.

काकांचा स्वतःचा कंप्रेसर कारखान्याच्या भंगार लिलावातला आहे. पट्ट्यावर चालणारा, बिडाच्या हेडचा. तो पार्किंगमध्ये जुन्या चादरीखाली असतो. त्याला दोन चाकं आहेत, म्हणून काका त्यालाही पोर्टेबल म्हणतात. तो हलला तो एकदाच, आला तेव्हा. कमिटीच्या नोटिशीवर काकांनी उत्तर पाठवलं, त्याला व्हॉल्व्हची आकृती जोडली. सेक्रेटरींनी ते फाइल केलं.

परवा सहाव्या मजल्यावर फर्निचरचं काम निघालं. काकांनी बजावलं होतं, सहा अँपिअरच्या प्लगला लावू नका. वायर लांबवू नका, हवेची नळी लांबवा. लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर घुर्र करून बसते आणि जळते. मिस्त्रीने “हां अंकल, हां अंकल” म्हटलं आणि तीस मीटरची वायर लिफ्टपाशी नेऊन जोडली. मशिन तरीही चाललं. काकांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी शटर्सना डुको मारताना गन थुंकू लागली. पांढऱ्या रंगावर पाण्याचे थेंब! जुलै महिना. अशा दमट हवेत घनमीटरला वीसेक ग्रॅम वाफ असते. पाऊण तास गन चालली की दहा घनमीटर हवा दाबली जाते, आणि दाबून थंड झालेली हवा तेवढी वाफ धरून ठेवू शकत नाही. दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी टाकीत नाही तर रंगात उतरणारच. टाकीच्या पोटाखाली ते काढून टाकायला एक छोटा कॉक असतो. तो रोज उघडायचा असतो, आणि मिस्त्रीने तो बोल्ट आहे असं समजून घट्ट आवळला होता.

बोलावणं आलं तेव्हा काका पायात चप्पल न घालता जिन्याने चढले. पाना लावून कॉक फिरवला. तांबूस, गंजाच्या वासाचं पाणी फुसफुसत बाहेर आलं. ते त्यांनी वाटीत धरलं, आणि सहाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत बेल दाबत, दार उघडेल त्याला दाखवत उतरले. सेक्रेटरींना तर दोनदा दाखवलं.

वाटी श्रीखंडाच्या सेटमधली होती, हे काकूंच्या लक्षात आलं तेव्हा ते चौथ्या मजल्यावर होते.