पाच औंसाची म्हैस

"आक्का, सकाळी साडेसहाला 'घास, अजून घास' असं कोण ओरडत होतं? मला वाटलं, दाजींचं भांडीवालीशी काही बिनसलं."

"भांडीवाली कुठली गं! नातीवर ओरडालते. तितं रात्रीचं आठ वाजलेलं असत्यात. पोरगी जेवून बसती आन् हितं ह्यांची शाळा भरती. दूधवाला यायच्या आधी मोबाईल तांब्याला टेकवून बसत्यात."

"पण घासायचं काय?"

"खिळं."

मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात आक्कांचं परस आणि माझं परस यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे. मिरजकर तिकटीला काही घडलं की तिकटीवरच्या माणसांच्या आधी ते इथं कळतं, हा माझा अनुभव. तरी अमेरिकेतले खिळे कोल्हापुरातून घासून घेतात ही बातमी मला नवीन होती. गॅस बारीक करून आले आणि भिंतीला कोपरं टेकली.

बातमी अशी. आक्कांची लेक न्यू जर्सीत. तिची मुलगी आठ वर्षांची आणि कब स्काउटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काउट पथकात. "पोरींना घेत्यात?" हा प्रश्न मी विचारायच्या आधी आक्कांनीच विचारला आणि उत्तरही दिलं, "2018 पासनं घेत्यात म्हणं." तर ह्या कब स्काउटांची हिवाळ्यात एक शर्यत असते, पाइनवुड डर्बी. मुलांना एक खोकं मिळतं. त्यात सात इंच लांबीचा पाइनचा ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं आणि आस म्हणून चार खिळे. त्यातून गाडी करायची. इंजिन नाही, बॅटरी नाही, ढकलणं तर नाहीच. उतारावरून सोडायची, जी आधी खाली पोचेल ती जिंकली. लाकूड सगळ्यांना सारखं, उतार सारखा, पृथ्वीची ओढही सारखीच. मग फरक पडतो कुठं? तर घासण्यात. आणि दाजींचं अख्खं आयुष्य घासण्यात गेलेलं.

दाजी उद्यमनगरातले टर्नर. ऑईल इंजिनाच्या सुट्या भागांपासून उसाच्या चरकाच्या आसापर्यंत लेथवर जे चढेल ते त्यांनी फिरवलंय. शर्यतीच्या छकड्यांचे आससुद्धा त्यांच्या हातचे गाजलेले. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या आणि दाजींचं ते गिऱ्हाईक तुटलं. 2021 च्या डिसेंबरात शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तोवर दाजींनी लेथ सोडला होता. रिकामा टर्नर घरात काय करतो ते आक्कांना विचारा. नळाच्या तोट्या, कुकरचा दांडा, देव्हाऱ्याची कडी, सगळं गुळगुळीत झालंय.

"आन् त्यात ही शर्यत आली," आक्का म्हणाल्या. "देवच पावला म्हण."

एवढ्यात दाजी आलेच. हातात एक खिळा. लेकीनं मागं कुणाबरोबर तरी चार जादा खिळे पाठवले होते, त्यातला.

"ह्यो बघा," असं म्हणून त्यांनी खिळा भिंतीवर ठेवला. "कारखान्यातनं येतोय तवा टोपीच्या खाली हितं बर असतोय. दांड्यावर साच्याच्या दोन रेघा. डोळ्याला दिसत न्हाईत, नखाला लागत्यात. ह्याच्यावर चाक फिरलं तर प्लॅस्टिक खरवडणार. मग गाडी जाणार कुठं?"

मी नख फिरवून पाहिलं. लागलं खरंच.

काम असं की खिळा ड्रिलच्या चकात धरायचा, आधी कानस लावून बर, म्हणजे ती खरखरीत कड, काढायचा, मग पॉलिश पेपर. 400 नंबरपासून सुरुवात, 600, 1000, शेवटी 2000, तोही पाण्यात भिजवून. मधला नंबर गाळायचा नाही. आधीच्या पेपरचे ओरखडे पुढच्यानं निघाले की नाही ते भिंगातून बघायचं, मगच पुढं. दाजींची सकाळची ओरड होती ती इथली. नातीनं 600 वरून थेट 2000 वर उडी मारली होती. ड्रिल चालवायला तिची आई, पेपर धरायला नात. जावई आयटीतले, ते मोबाईल धरतात.

"लेक ड्रिल चालवती?" मी आक्कांकडं बघितलं.

"तर! हितं असताना लेथजवळ फिरकू देत नव्हते. ओढणी अडकंल म्हणून. आता तिकडं आहे तर रोज सकाळी, चक घट्ट केलीस काय, गॉगल लावलास काय."

"ओढणी अडकतीच," दाजी म्हणाले. आणि ते खरंच आहे. लेथ कुणाचा नसतो.

वंगणावरून मात्र बापलेकीचं दोन दिवस जमलं नाही. दाजींचं म्हणणं, सुकं कुठं काही फिरतं का? तेलाचा एक थेंब सोड. लेक म्हणाली, तेल चालत नाही, ते प्लॅस्टिकला बाधतं आणि धूळ धरतं, इथं सगळे ग्राफाईटची पूड घालतात. ग्राफाईट म्हटल्यावर दाजी एकदम निवळले. फौंड्रीत साच्याला लावायला तीच काळी पूड असते, उद्यमनगरात त्यांची अर्धी हयात तिच्या शेजारी गेली. पूड भोकात भरायची, चाक फिरवायचं, पुन्हा भरायची, पुन्हा फिरवायचं. नातीनं इतकं फिरवलं की बोटं, नाक आणि शाळेची वही काळी झाली. फिरवून सोडलेलं चाक आता किती वेळ फिरतं ते मोजण्याचा तिला नाद लागलाय.

मग वजन. गाडी पाच औंसांच्या वर भरली की बाद. म्हणजे 141 ग्रॅमच्या किंचित वर. आक्कांनी लगेच हिशेब केला, "जुन्या मापानं बारा तोळं की गं." आणि काटाही सोनाराचाच लागतो, कारण सगळे अगदी पाचाला टेकून वजन भरतात. जड गाडीला वाऱ्याचा अडथळा कमी जाणवतो. नुसता ठोकळा, चाकं आणि खिळे मिळून पाच औंस भरत नाहीत, म्हणून वरून भर घालायची. पूर्वी शिसं घालत. पण शिसं विषारी, मुलांच्या हाताला नको. आता टंगस्टन घालतात. ते शिशाच्या जवळजवळ पावणेदोन पट जड आणि सोन्याएवढंच घन.

"सोन्याएवढंच जड असंल तर सोनंच घाला म्हटलं," आक्का म्हणाल्या. "गुजरीतल्या सोनाराकडनं एक वेढणं पाठवतो, जिंकली तर तिला, हरली तर परत मला."

दाजींनी तिकडं दुर्लक्ष केलं. त्यांनी विटेचा तुकडा घेऊन भिंतीवर उतार काढला, वर गाडी काढली. सुरुवातीला गाडी उतारावर उभी असते, तिचं तोंड खाली, शेपूट वर. वजन शेपटाकडं ठेवलं तर ते जास्त उंचीवर असतं, म्हणजे त्याला खाली पडायला जास्त अंतर मिळतं. मागच्या आसाच्या पुढं इंचभर, तिथं तोल यायला पाहिजे. फार मागं नेलं तर पुढची चाकं उचलायला लागतात आणि गाडी भेलकांडते. सातवी नापास माणसानं मला हे तीन मिनिटांत समजावलं. स्थितिज ऊर्जा हे शब्द शाळेत पाठ केले होते, ते नेमके कशाला म्हणतात ते त्या दिवशी कळलं.

सरळ चालवणं हे सगळ्यात अवघड, असं दाजी म्हणतात. मार्गाच्या मधोमध एक पट्टी असते, गाडी तिच्यावरून जाते, म्हणून गाडीचं पोट तीन सूत वर हवं. गाडी दोन्ही बाजूंनी त्या पट्टीवर आपटत गेली की वेळ गेला. त्यावर तिकडच्या बापलोकांनी एक युक्ती काढलीये. पुढचं एक चाक जमिनीला लागूच द्यायचं नाही, केसभर उचलून बसवायचं. दुसऱ्या पुढच्या चाकाचा खिळा किंचित वाकवायचा, म्हणजे गाडी हलकेच एका बाजूला ओढ घेते आणि ते चाक पट्टीला चिकटून धावतं. भिंतीला हात लावून चालणारा म्हातारा धडपडत नाही, तसं. किती वाकवायचा? एक फळी थोडी तिरकी ठेवून त्यावर गाडी सोडायची, चार फुटांत ती चारेक इंच सरकली की बस झालं. लेकीनं जेवणाच्या टेबलाची फळी उपसली. ह्यावर जावई काय म्हणाले ते आक्कांनी सांगितलं, पण छापण्यासारखं नाही.

चाकं लेथवर घेऊन पातळ करावीत, अशी दाजींची फार इच्छा होती. हलकं चाक फिरायला कमी जोर खातं. पण नियमात बसत नाही. चाकावरची छापील अक्षरं तशीच दिसली पाहिजेत. हे आजोबांना नातीनं सांगितलं, पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून.

ही शर्यत काढली कुणी, तर डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी. विमानं बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीत ते नोकरीला होते. त्यांच्या मुलाला मोठ्या मुलांच्या सोपबॉक्स डर्बीत उतरायचं होतं. तिथं गाडीच्या आत बसून उतार उतरायचा असतो आणि त्या वयाला तो लहान होता. म्हणून मर्फींनी बसायची नव्हे, हातात मावणारी गाडी काढली आणि 15 मे 1953 ला कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच इथं पहिली शर्यत घेतली. पुढच्या वर्षी स्काउटांच्या मासिकात तिचा आराखडा छापून आला आणि ती देशभर गेली.

त्या मोठ्या डर्बीची एक भानगड मला ठाऊक होती, ती मी भिंतीवर मांडली. 1973 साल, अ‍ॅक्रन गाव. चौदा वर्षांचा मुलगा जिंकला. पण त्याची गाडी सुटताना इतरांपेक्षा जरा जास्तच चपळ सुटत होती. क्ष-किरणांत बघितलं तर गाडीच्या नाकात विद्युतचुंबक! मुलानं डोकं मागं टेकलं की चुंबक चालू, आणि सुटायच्या जागची लोखंडी पाटी खाली पडताना गाडीला पुढं ओढून घ्यायची. दोन दिवसांत बक्षीस गेलं. आणि हे डोकं मुलाचं नव्हतं, घरातल्याच एका वडीलधाऱ्याचं होतं.

आक्कांनी दाजींकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस? आपल्या ठोकळ्यात कुठं बसतंय चुंबक," दाजी म्हणाले. म्हणजे विचार करून झाला होता.

खरं भांडण पुढंच होतं. नातीनं गाडी काळी रंगवली, कवड्यांची माळ रंगवली आणि वर शिंगं लावली. गेल्या दिवाळीत ती इथं आली होती. पाडव्याला गवळ्यांच्या म्हशी बघितल्या तिनं. शिंगं रंगवलेली, मोरपिसं लावलेली, आणि मालकाच्या मोटारसायकलमागं धावणारी म्हैस. तिच्या डोक्यात शर्यत म्हणजे तेवढीच. दाजी म्हणाले, शिंगं काढ, वारा अडतोय. ती म्हणाली, मग म्हैस कशी? दाजी म्हणाले, शिंगं पुढं आली तर सुटायच्या खुंटीला लागतील, बाद करतील. तर तिनं ती मागं वळवली, पार पाठीपर्यंत.

"आन् म्हणती कशी, ही पंढरपुरी हाय," आक्का हसत हसत भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "ह्यांची बोलतीच बंद. पंढरपुरीची शिंगं मागंच असत्यात की."

मला विचाराल तर नातीचंच बरोबर. पाडव्याला आपण नुसती पळणारी म्हैस बघायला जातो का? सजवलेली बघायला जातो, पळाली तर वर बोनस. दाजींना इतकी वर्षं पेठेत राहून ते सुचलं नाही, कारण त्यांना खिळ्याच्या पुढचं दिसत नव्हतं.

शर्यत शनिवारी तिकडच्या सकाळी दहाला, म्हणजे इथं रात्री साडेआठला झाली. आम्हीही आक्कांच्याच सोप्यात. बेचाळीस फुटांचा मार्ग, तीन सेकंदांच्या आसपास खेळ खलास, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ दाखवणारा फलक. प्रत्येक गाडीला प्रत्येक पट्ट्यातून एकेकदा सोडतात, म्हणजे पट्टा खराब होता अशी कुणी सबब सांगायची नाही. तरी एका बापानं सांगितलीच, ते मोबाईलवर स्वच्छ ऐकू आलं. म्हैस पळण्यात चौथी आली आणि रूपात पहिली. नात नाचत होती. दाजी गप्प. नंतर दोन दिवस ते तेच चित्रीकरण थांबवून थांबवून बघत होते आणि आक्कांना सांगत होते की उजवं शिंग हलत होतं.

आता पुढच्या महिन्यात भाच्याची सून तिकडं चाललीये. तिच्या बॅगेत कांदा-लसूण चटणी, मेतकूट आणि दाजींनी पॉलिश केलेले ते चार खिळे, पुढच्या वर्षासाठी, कापसात गुंडाळून.

"बॅगेचं वजन जास्त हुतंय, चटणी कमी कर म्हणत्यात," आक्का म्हणाल्या. "चटणी! मी म्हटलो, खिळं काढा. तर म्हणत्यात, त्यांचं वजन नियमात बसतंय."