रिमोटवाले नाना

माळशेज घाट चढून मढ, डिंगोरे, ओतूर करत आळेफाट्याकडे निघालं, की रस्त्याकडेच्या प्रत्येक गावात एक तरी नाना सापडतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, कांद्याच्या भावावर पक्की मतं, जावई पुण्यात, आणि दारात चिंचवडच्या मेहुण्याकडून घेतलेली मारुती ८००. गाडीची पंधरा वर्षं कधीच भरलेली. आरटीओतून पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून आणलेलं. पुढचा बंपर एका अंगाला कललेला. मागची डावी काच खाली उतरायचं नाव घेत नाही. पण या गाडीला रिमोट आहे. मी सांगतोय ते नाना डिंगोऱ्याचे. ओळखीचे वाटले तर तुमच्या गावचे समजा, त्यांची हरकत नसेल.

रिमोट यायच्या आधी या गाडीला लॉक केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. किल्ली गाडीलाच. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर नानांना उठवायचीही गरज पडू नये, असा हिशेब. आणि चोरण्यासारखं होतं काय? फवारणीचा पंप, दोन रिकामी क्रेट, नारायणगावच्या टोमॅटो बाजाराच्या जुन्या पट्ट्या आणि डॅशबोर्डवरचा गणपती. गणपती फेविक्विकने चिकटवलेला, म्हणजे तोही सुरक्षित.

मग जावयाची नवी गाडी आली. जावयाने ती अंगणात लावली, पाठ फिरवली आणि मागे न बघता खिशातल्या खिशात बटण दाबलं. गाडी ‘ट्विक’ म्हणाली. गाडीचं नानांना काही वाटलं नाही. ते मागे न बघणं मात्र काळजात रुतलं.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हातात दिली. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये रेनॉने फ्युएगो नावाच्या गाडीला लांबून उघडणारं लॉक दिलं होतं. नानांना ही हकिगत जावयाने हसत-हसत सांगितली. नानांनी ती गंभीरपणे ऐकली. रिमोट जगात असताना आपल्या गाडीला नुसती किल्ली दिली, म्हणजे ही बाकी राहिली होती, आणि ती आता वसूल करायची.

वसुली आळेफाट्याला झाली. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे गाडीला काय चिकटवता येत नाही ते विचारा. मजुरीसकट दोन-तीन हजारांत बसवतो म्हणून पोरगेला फिटर कामाला लागला आणि नाना स्टूल ओढून देखरेखीला बसले. काच वर-खाली करायच्या हँडलमागे एक बारीक क्लिप असते. फडक्याची कड आत घालून सर्रकन ओढली की ती निघते, म्हणजे उडते, आणि उडाली की सापडत नाही. पहिली क्लिप शोधण्यात नाना चहा विसरले. मग दाराचं पॅनेल निघालं, आतला प्लॅस्टिकचा कागद सोलला गेला, आणि दाराच्या पोटातून एक रुपयाची नाणी, शर्टाचं बटण आणि मेहुण्याच्या काळातली सिनेमाची दोन तिकिटं बाहेर पडली. तिकिटं नानांनी घडी घालून खिशात ठेवली. पुढेमागे कामाला येतील.

मोटारी चार. ड्रायव्हरच्या दारातली मास्टर, तिला पाच वायरी. बाकीच्या तिघींना दोन-दोन. मास्टरने हुकूम द्यायचा, तिघींनी ऐकायचं. मोटारीची सळई लॉकच्या जुन्या सळईला क्लॅम्पने जखडली की झालं: वीज एका बाजूने गेली की सळई ओढते, उलटी गेली की ढकलते. फिटरने बटण दाबलं. खट्ट! तीन दारं बंद झाली आणि बंद असलेलं चौथं उघडलं.

“एक माणूस विरोधात असतोच,” नाना शांतपणे म्हणाले. “आमच्या सोसायटीत तरी काय वेगळं आहे?”

फिटरने त्या दाराची निळी आणि हिरवी वायर अदलाबदल करून जोडली, आणि विरोधक सत्तेत आला. सोसायटीत इतक्या स्वस्तात होत नाही.

“आणि डिकी?”

“किट चार दारांचा असतो नाना.”

डिकीचं लॉक मेहुण्याच्याच हयातीत, म्हणजे गाडीच्या त्याच्याकडच्या हयातीत, गेलेलं. ती सुतळीने बांधलेली असते. त्यामुळे आता या गाडीची चार दारं विजेवर बंद होतात आणि पाचवं सुतळीवर. शेवटी एक वायर उरली. दार उघडलं की आतला दिवा लागतो, त्या दिव्याच्या स्विचला ती जोडायची असते. दिवा कधीचाच गेलेला. “ही लागत नाही,” म्हणत फिटरने तिला टेप गुंडाळली आणि डॅशबोर्डखाली कोंबून टाकली. भोंग्याचे पैसे वेगळे पडले. ते नानांनी घासाघीस न करता दिले, यावरून ओळखा.

कारण लॉक हे निमित्त. नानांना चोराची भीती नाही, त्यांना ओ हवी असते. घरात हाक मारली तर मुलगा मोबाईलमध्ये, नातू टीव्हीपुढे, सूनबाई “आले हं” म्हणून तिथेच. गाडी मात्र दर वेळी ओ देते, वर दोन्ही इंडिकेटर मिचकावते. म्हणून ती ओट्यावरून लॉक होते, गोठ्यातून उघडते, चहाच्या टपरीवरून पुन्हा लॉक होते. कुणी नवखा शेजारी बसला की “लॉक केली का नाही बरं?” असं मोठ्याने पुटपुटून नाना खात्री करून घेतात. खात्री एकदा करून भागत नाही.

लांबून बटण लागलं नाही की नाना रिमोट हनुवटीला टेकवतात आणि तोंड गाडीकडे करून दाबतात. लोक हसतात, पण हे खरंच चालतं. डोक्यात पाणी भरपूर असतं आणि त्यामुळे डोकं अँटेनाचं काम करतं. टोपी काढली तर आणखी लांब जातं, हे मात्र नानांचं स्वतःचं संशोधन. संशोधनाला तालुक्यात परंपरा आहेच. नारायणगावजवळच्या खोडदला आणि आसपासच्या शिवारांत जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. त्या ज्या लहरी ऐकतात त्यांतला एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा, आणि बाजारातले पुष्कळसे रिमोट ४३३ च्या आसपास बोलतात. ही माहिती कुणीतरी नानांना द्यायला नको होती. “म्हंजी आपण दाबलं की तिकडं कळत असंल,” असं ते तेव्हापासून म्हणतात. दूरच्या दीर्घिकांकडून निघालेल्या लहरी खोडदला पोचतात. नानांच्या लहरींना शेजारच्या गोठ्यापर्यंत पोचताना धाप लागते. पण ते नानांना सांगणार कोण?

बिबट्याचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडाला लागून घर असलं की रात्री दार उघडताना प्रत्येक जण आधी कानोसा घेतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. वनखातं सांगतं, अंधारात एकटं जाऊ नका, बॅटरी घ्या, आवाज करत चला. नाना ओट्यावरूनच बटण दाबतात: ट्विक-ट्विक, पिवळा उजेड उसाच्या पाल्यावर दोनदा पडतो, मग घरातल्या आजी बाहेर पडतात. बिबट्या यामुळे जातो की नाही ते बिबट्यालाच माहीत, पण रात्री शेजारचे लोकही हल्ली “नाना, जरा वाजवा की” अशी हाक देतात. इथे रिमोटचे पैसे वसूल झाले, हे मी मान्य करतो.

सप्ताहातली गोष्ट वेगळी. कीर्तनाला नाना मांडी घालून पुढे बसले, रिमोट नेहरू शर्टाच्या खिशात, वर गुडघा. बुवा वैराग्यावर आले की बाहेर गाडी ट्विक करायची. बुवांनी थोडा वेळ सोसलं, मग विणेकऱ्याकडे बघत म्हणाले, “देह सुटेल, पण गाडीचं लॉक सुटणार नाही.” मंडप हसला. नानाही हसले. आपली गाडी कीर्तनात आली, याचंच त्यांना अप्रूप.

मग यायचा तो दिवस आलाच. ओतूरच्या कांदा बाजारात नानांनी रिमोटने गाडी उघडली, पिशवी सीटवर ठेवली, पिशवीवर रिमोट ठेवला, त्याच्याच कडीत किल्ली. दार ढकललं आणि वजनाच्या पट्टीवरून आडत्याशी वाद घालायला वळले. अर्ध्या मिनिटात मागून ‘ट्विक’. बटण दाबूनही कुणी दार उघडलं नाही असं वाटलं की हे यंत्र गाडी आपणहून पुन्हा बंद करतं. दार उघडलं हे त्याला सांगणारी वायर टेप गुंडाळून डॅशबोर्डखाली निवांत पडलेली होती.

दुसरी किल्ली डिंगोऱ्याला देव्हाऱ्यात. आणि ती असती तरी काय? रिमोट आल्यापासून दाराच्या भोकात किल्ली गेलेली नाही. आत धूळ बसून ते बुजलेलं. बघता-बघता गर्दी जमली. एकाने तार आणली, एकाने फूटपट्टी, एकाने नुसताच अनुभव. नाना कुणाला हात लावू देईनात. “ती रिमोटची गाडी आहे. तशी नाही उघडत.”

नातू बरोबर होता. त्याने कुणाला न विचारता मागे जाऊन सुतळीची गाठ सोडली, डिकी वर केली आणि मागच्या सीटवरून पुढे घसरला. पाय वर, डोकं खाली, अशा अवस्थेत त्याचा हात पिशवीपर्यंत पोचला. ट्विक-ट्विक. चारही दारं खट्ट उघडली.

नानांनी गर्दीकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “बघा. रिमोटनंच उघडली.”

त्याच दुपारी ते आळेफाट्याला गेले. “ही डिकी धोक्याची आहे,” त्यांनी फिटरला बजावलं. “पोरगं शिरलं, उद्या चोर शिरंल. पाचवी मोटर टाक.” फिटरने झालेला प्रकार नातवाकडून सविस्तर ऐकून घेतला, डॅशबोर्डखालची ती वायर ओढून काढली आणि दाराच्या चौकटीतल्या स्विचला जोडून दिली. मग डिकीच्या सुतळीकडे बघितलं.

“मोटर टाकतो नाना,” तो म्हणाला, “पण सुतळी राहू द्या.”