पोट सोडा, काका

वरणगावात लोक मला नावापेक्षा पट्ट्यावरून जास्त ओळखायचे. फॅक्टरीतून निवृत्त झालो तरी कोपऱ्यावर दूध आणायला जाताना शर्ट पँटीत खोचलेला, पितळी बक्कल ब्रासोने घासलेलं आणि पोट श्वासासकट आत. साठी उलटून गेली तरी पट्ट्याचं भोक बदललेलं नाही, हे मी कुणी न विचारता सांगत असे.

त्यामुळे मुंबईला टाटाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की गाठ अगदी खाली आहे, मागची वाट कायमची शिवून टाकावी लागेल आणि मोठ्या आतड्याचं टोक पोटावर डावीकडे बाहेर काढावं लागेल (त्याला स्टोमा म्हणतात), तेव्हा दुसरा कुणी असता तर जगण्यामरण्याचं विचारता. मी विचारलं, "पट्टा बांधता येईल ना?" डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पंख्याकडे पाहिलं.

प्रश्न वाटतो तितका बावळट नव्हता बरं का. ऑपरेशनच्या आधी स्टोमाची सिस्टर पेन घेऊन येते आणि जागा ठरवते. उभं करते, बसवते, वाकायला लावते. कातडीला घडी पडते तिथे नको, हाडाजवळ नको, बेंबीला खेटून नको, पट्ट्याखाली तर नकोच. आणि पेशंटला मान खाली घालून स्वतःला दिसलीही पाहिजे. मी सवयीने पोट आत ओढून उभा. ती पेन रोखून थांबली.

"पोट सोडा, काका."

सोडलं.

"अजून सोडा."

थोडं सोडलं.

"काका, खूण तुमच्या पोटावर करायचीय, फोटोवर नाही."

मग होतं नव्हतं ते सोडलं. आपल्या घरात एवढं पोट आहे, हे बायकोलाही त्याच दिवशी कळलं.

घरी आलो ते कुर्ता-पायजम्यात. आमच्याकडे निवृत्त माणूस अचानक पांढऱ्या कुर्त्यात दिसला की त्याचा एकच अर्थ होतो. तिसऱ्या चौकातल्या न्हाव्याने विचारलंच, "नगरपरिषदेला कोणत्या वॉर्डातून?" मी नुसता हसलो. नाही म्हणालो नाही. दोन-तीन जणांनी तर मला अगोदरच पाठिंबा देऊन टाकला, तो मी अजून परत केलेला नाही.

स्टोमाचं एक वैशिष्ट्य असं की त्याला दार नसतं. ओठाच्या आतल्या कातडीसारखा लाल, ओलसर. हात लावला तर दुखत नाही, कारण तिथे दुखण्याच्या नसाच नाहीत. पण अडवायला स्नायूही नाही, म्हणून त्यावर पिशवी चिकटवलेली. वारा त्याच्या मर्जीने सरतो, आणि त्याची मर्जी सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायात विशेष लागते. उभा जन्म मी काडतुसांच्या कारखान्यात काढला. तिथे प्रत्येक लॉटमधला माल प्रूफला जातो, उडवून बघतात. आता माझा लॉट रोज चारचौघांत प्रूफला जातो. फॅक्टरीही २०२१ साली म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली. आतली रचना तिचीही बदलली. पण आता कुठून काय बाहेर पडतं, हे तिला कुणी चहाला येऊन विचारत नाही.

पथ्याच्या कागदावर लिहिलं होतं: कांदा, लसूण, कोबी, डाळी जपून, नवा पदार्थ एकेक करून, थोडा थोडा, चावून. हा कागद ज्याने लिहिला त्याने भरीत खाल्लेलं नसावं. आणि भरीत म्हणजे पुण्यात जे चमच्याने दही घालून वाढतात ते नव्हे. त्याला वांग्याची कोशिंबीर म्हणावं. भरीत म्हणजे तापीपलीकडच्या बामणोदचं वांगं, फिकट हिरवं, पांढुरक्या रेघांचं, हातात मावू नये असं, आत बी औषधापुरतं. ते कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायचं. गॅसवर भाजलेलं वांगं मी ओळखतो, आणि भाजणाऱ्यालाही. साल काढून गर लाकडी बडगीत घालायचा, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायचा. मिक्सरचं नाव काढणाऱ्याला त्या दिवशी जेवायला बोलवू नये. मग तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, वर कोथिंबीर. शेजारी कळण्याची भाकरी किंवा पुरी, यावर आमच्या घराण्यात दोन तट आहेत आणि एक सोयरीक मोडलेली आहे. चातुर्मासात वांगं बंद, चंपाषष्ठीला उघडतं, आणि मग हिवाळाभर शेताशेतांतून धूर. २०१८च्या डिसेंबरात शेफ विष्णू मनोहरांनी जळगावात एका कढईत अडीच हजार किलो भरीत केलं. मी हिशेब केला होता: जरा मनावर घेतलं तर हिवाळ्यातलं माझं योगदानही अगदीच उपेक्षणीय नव्हतं.

कुठे होतो? हं, पथ्य. ऑपरेशननंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी ठरली. मी नियमाने सुरुवात केली: एक घास, चावून. नियम पहिल्या भाकरीपर्यंत टिकला. दुसऱ्या भाकरीला पिशवी फुगून कुर्ता डावीकडून वर उचलला गेला, आणि मग शांत माळावर तो आवाज झाला. सगळे ताटात बघू लागले. माझा एक जुना सोबती प्रूफ सेक्शनला होता. त्याने कान देऊन ऐकलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "लॉट पास."

इथवर सगळं हसण्यावारी गेलं, कारण माझ्या घरात ते हसण्यावारी नेणारं माणूस होतं. टाटाच्या स्टोमा क्लिनिकच्या रांगेत आमच्याच जिल्ह्यातली एक सून भेटली. भाषेवरून कळलं, म्हणून बोलली. पिशवी लागल्यापासून सासूने तिला चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं. ताट वेगळं, देवघर बंद, नवरा ओसरीवर झोपायला गेलेला. तिचा आजार बरा झाला होता. मला इतका संताप आला की तेव्हा पट्टा असता तर हातात घेतला असता. जे तिच्या पिशवीत आहे तेच सासूच्या पोटात आहे, नवऱ्याच्याही आहे, गावच्या सगळ्या सोवळ्याओवळ्याच्या पोटात आहे. फरक एवढाच, की हिचं बंद आहे, धुतलेलं आहे आणि वेळेवर बदललेलं आहे.

चिकटणारी पिशवी निघाली तीही अशाच एका बाईपायी. १९५४ साली डेन्मार्कमध्ये थोरा नावाच्या बाईने ऑपरेशननंतर गळतीच्या भीतीने घराबाहेर पडणं सोडलं. तिची बहीण एलिसे सोरेन्सन नर्स होती. तिने प्लास्टिकच्या पिशवीला चिकट कडा लावायची कल्पना काढली आणि कारखानदाराकडे गेली. तो काही लगेच बधेना. त्याला बधवलं त्याच्या बायकोने, तीही नर्स. या सगळ्या कथेत पुरुषाचं काम शेवटी हो म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला चांगलं जमतं.

आमच्याकडे पिशवीची चिकट प्लेट कापायचं खातं बायकोचं. तिने ब्लाउजचे गळे कापण्यात आयुष्य घालवलं. बाकदार टोकाची कात्री, कागदाचा नमुना, स्टोमाभोवती दोन-तीन मिलिमीटरची जागा. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर वेळी नवं माप. जास्त कापलं तर कातडी सोलवटते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घामाने प्लेट सुटते, म्हणून पिशव्यांचा खोका कूलरसमोर, आणि आम्ही दोघं खोक्याच्या मागे.

त्या सुनेला तिने फोन करून बोलावून घेतलं. ती आली, डोक्यावरचा पदर दातात धरून. दोघी मशीनजवळ बसल्या. बायको कागद कापून दाखवत होती, "आधी मोजायचं बाई, मंग कात्री. उलटं केलं की फसतं." मी आतल्या खोलीतून मापाची दुरुस्ती सुचवली. कुणी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात माझ्या पोटाने लांबलचक सूर लावला.

पोरीने दचकून वर पाहिलं.

"त्याच्याकडे लक्ष नको देऊ," बायको म्हणाली, "मधी मधी बोलत ऱ्हातं."

"कोण? पोट का काका?"

"दोन्ही."

पोरीच्या दातातला पदर सुटला.