आधी पंखा बंद करा

आमच्या घरात गाण्याचा आवाज माणसं ठरवत नाहीत, मिक्सर ठरवतो. दिवाणखान्यात कुमारजी रंगात आलेले असतात, तेवढ्यात ओल्या खोबऱ्याची चटणी सुरू होते आणि आमचे 'हे' उठून आवाज वाढवतात. चटणी होते, मिक्सर थांबतो, कुमारजी मात्र चढलेलेच राहतात. मग आतल्या खोलीत मामंजी टीव्हीच्या बातम्या चढवतात आणि त्या ऐकू येऊ नयेत म्हणून चिरंजीव कानात इअरबड खुपसून बसतात. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, यावर घरात एकमत होत नाही. वरण बुडाला लागलं की मात्र जबाबदारी एकटीची.

ह्यांचं म्हणणं एकच : "अगं, हळू लावलं की गाण्यातली मजाच जाते." आणि चिडायला होतं ते यासाठी, की यात तथ्य आहे. 1933 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं, की आवाज कमी केला की कानाला खर्जाकडचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात. म्हणून तर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असे : हळू आवाजातही तबल्याचा बायाँ भरून ऐकू यावा, यासाठी. आमच्याकडेही ते आहे. लग्नापासून ते दाबलेलंच आहे आणि वर आवाजाची चकतीही पुढेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब साधा आहे. आठवड्याला 40 तास ऐकायचं तर 80 डेसिबल. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा : 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला फक्त 5. तीन म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. भाजीवालासुद्धा तीन रुपये सोडून देतो. पण इथे 3 वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि कान काही सोडत नाही.

आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात, आणि गेलेली केसपेशी परत येत नाही. डोक्यावरच्या केसांसाठी बाजारात शंभर तेलं आहेत, या केसांसाठी एकही नाही. (आमच्या आत्याबाई तरीही दर रविवारी कानात कोमट तेल सोडतात. डॉक्टर नको म्हणतात. आत्याबाई डॉक्टरांना नको म्हणतात.)

आधी जातात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज. स, श, फ अशी व्यंजनं पुसट होतात, स्वर शाबूत राहतात.

"मामंजी, साखर संपली."

"भाकर करपली? मग पोळी दे."

तंबोऱ्याचं तर फार वाईट होतं. जवारी नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. जवारीची ती चमक वरच्या कंपनांतच असते. म्हणजे जो माणूस गाण्याच्या प्रेमापोटी आवाज चढवतो, त्याच्याच कानातून तंबोरा आधी फिका पडायला लागतो.

माझं मत असं, की दोष गाण्याचा नाही, गाण्याच्या शेजाऱ्यांचा आहे. आम्ही सगळे गाणं पंख्याच्या, रस्त्याच्या आणि एकमेकांच्या वर चढवतो. पंखा बंद केला, स्वयंपाकघराचं दार लोटलं, की तेच गाणं कितीतरी खाली आणूनही नीट ऐकू येतं. चिरंजीवांना भोवतालचा आवाज कापणारे हेडफोन घेऊन दिले, तेव्हा ह्यांना ती चैन वाटली. बसमध्ये पूर्ण आवाजात ऐकण्यापेक्षा ती चैन स्वस्त आहे. फोनमध्ये आवाजाला मर्यादा घालायची सोय असते, तीही मीच शोधून लावून दिली. हे काम घरात कोण करणार, हे ठरलेलंच असतं.

गाणं थांबल्यावर कानात कुईं वाजत राहिलं, तर जास्त झालं असं समजावं. वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओग्राम काढावा. बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही, टोचत नाही. ह्यांनी तिथल्या ताईंना विचारलं, "या खोलीत पेनड्राइव्ह चालतो का?" नाही चालत. पण तपासणी अर्ध्या तासात होते, पन्नाशी उलटली असेल तर एकदा जाऊन या.