अ‍ॅव्हरेजचा जन्म पुण्याचा

मोटरसायकलचं अ‍ॅव्हरेज पुण्यात जन्मतं आणि लखनौच्या अमीनाबादेत वारतं. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर जागच्या जागी पळते: ना खड्डा, ना ई-रिक्षा, ना मागे दाटीवाटीने बसलेले दोन मेहुणे. जाहिरातीत मिरवतो तो असल्या चाचणीचा आकडा.

मग गाडी लखनौला येते. चारबाग ते हजरतगंज अर्धा क्लच दाबून सरपटते. सिग्नलला इंजिन चालूच. ‘पहले आप’च्या या शहरात हिरवा दिवा लागायच्या आत मात्र सगळेच ‘पहले हम’! अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा, चार हात पुढे जायचं आणि करकचून ब्रेक. टायरात हवा नाही, चेन कोरडी, एअर फिल्टरमध्ये निम्मं शहर.

तरी अ‍ॅव्हरेज घटलं की मालकाच्या मते दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, हे खरंच. पण मिश्रण २० टक्क्यांचं. म्हणजे घट हिशेबाने सहा-सात टक्के. बाकीची मालकाच्या मनगटातली. हवा भरायला पंपावर थांबावं लागतं. सरकारला शिव्या चालत्या गाडीवरूनही देता येतात.