कितवा?

इंग्रजीच्या तासाला मराठी पोरं दोन गोष्टींना टरकतात: ‘द’ कुठे लावायचा आणि ‘हॅज बीन’ कुठे घुसवायचं. मग एखादं आगाऊ कार्टं विचारतं, “सर, लिंकन अमेरिकेचे कितवे अध्यक्ष, हे इंग्रजीत कसं विचारायचं?” सर खडू शोधू लागतात. उत्तर तयार आहे, ‘सिक्स्टीन्थ’. अडलंय ते प्रश्नापाशी! ‘कितवा’ला साहेबाकडे सुटसुटीत शब्दच नाही. पाव जगावर राज्य केलं (आणि रांगेत उभं राहण्याचा केवढा तो अभिमान!), पण रांगेतला नंबर विचारायचा तर वाक्याला तीन वळसे. सर ते घालतात. वहीत गुण मात्र पोराचेच कापले जातात, ‘द’ राहिला म्हणून.