रोलरचं पासिंग कुणी करायचं?

परवा आमच्या शहरात सायलेन्सर चिरडण्याचा कार्यक्रम झाला. अगदी रीतसर. मांडव, सतरंज्या, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना पांढरे अभ्रे, माईक, पाण्याच्या बाटल्या. जप्त केलेल्या फटाका सायलेन्सरच्या ओळी रस्त्यावर मांडलेल्या आणि त्यांच्यासमोर रोड रोलर. रोलरच्या कपाळाला झेंडूचा हार. नारळ फुटला, रोलर पुढे सरकला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, रोलर जरा मागे घ्यायला सांगा, पाहुणे फोटोत आले नाहीत." रोलर मागे गेला, पाहुणे पुढे आले आणि एकदा मेलेले सायलेन्सर पुन्हा मारले गेले.

सगळे सायलेन्सर बघत होते. मी रोलर बघत होतो.

रोलरला नंबर प्लेट नव्हती. पुढे नव्हती, मागेही नव्हती. जिथे असायला हवी तिथल्या पत्र्यावर कुणीतरी खडूने 'गेट नं. २' लिहिलं होतं. दिवा एक होता, त्यात बल्ब नव्हता. आरसा नव्हता. इंडिकेटरच्या जागी दोन भोकं होती आणि एका भोकात चालकाने उदबत्ती खोचली होती. प्रमुख पाहुणे ध्वनिप्रदूषणावर बोलायला उभे राहिले तेव्हा रोलर बंद करायला सांगावं लागलं, कारण रोलरपुढे ध्वनिप्रदूषणाबद्दल काही ऐकूच येईना. मी जरा मागच्या अंगाने जाऊन पाहिलं. सायलेन्सर? इंजिनातून निघालेली एक सरळ नळी, तिला दोन ठिकाणी वेल्डिंगचे जोड आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून टोकावर तेलाचा रिकामा डबा उपडा घातलेला. म्हणजे बेकायदा सायलेन्सर चिरडण्याचं काम ज्या वाहनाकडे दिलं होतं, त्या मेळाव्यातला सगळ्यात बेकायदा सायलेन्सर त्याच्याच अंगावर होता. त्यालाही चिरडायचं तर दुसरा रोलर आणावा लागेल. आणि त्या दुसऱ्याचा सायलेन्सर पाहिल्यावर तिसरा.

मी चालकाला विचारलं, "याचं पासिंग कधी झालंय?"

तो म्हणाला, "पासिंग? काका, हे कुठं रोडवर जातंय!"

रोड रोलर रोडवर जात नाही, हे मी रोडवर उभा राहून ऐकत होतो.

आता एखादा कायदेपंडित म्हणेल की रोलर हे वाहनच नव्हे, ते यंत्र आहे. पंडितांनी १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम काढावेत. बांधकामाच्या वाहनांच्या व्याख्येत पोलादी ड्रमावर स्वतःच्या बळाने चालणारा कॉम्पॅक्टर रोलर स्पष्ट लिहिलेला आहे. तिथे त्याला बिगर-परिवहन वाहन म्हटलंय, म्हणजे तुमची स्कूटर ज्या घरातली, त्याच घरातला हा थोरला भाऊ. वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर नसावा, असंही त्यात आहे. नियम लिहिणाऱ्याने कुठेतरी रोलर ५१ने जाताना पाहिला असला पाहिजे. आमचे शेजारी पीयूसी दोन दिवसांपूर्वी संपली म्हणून चौकात अर्धा तास गयावया करत होते, तेव्हा हा थोरला भाऊ त्याच चौकात काळा धूर सोडत खड्डा बुजवत होता. खड्डा बुजला नाही ते सोडा.

बरं, चिरडले ते काय? शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, डॉल्फिन, इंदोरी, पंजाब. ही नावं मला मांडवात कळली नाहीत. मांडवापासून हाकेच्या अंतरावर ॲक्सेसरीजच्या दुकानांची ओळ आहे, तिथे ती पाटीवर लिहिलेली आहेत. रोलर चालू असताना त्या दुकानांची शटरं उघडी होती. एका दुकानदाराने तर बाहेर येऊन मोबाईलवर सोहळ्याचं चित्रीकरण केलं. का करू नये? गिऱ्हाइकाचा जुना माल सरकारी खर्चाने भंगारात जातोय आणि संध्याकाळी तेच गिऱ्हाईक नवा घ्यायला येणार आहे, असा धंदा दुसऱ्या कुणाच्या नशिबात आहे?

आणि बुलेटचा मूळ, कंपनीचा सायलेन्सर कुठे असतो ते प्रत्येक बुलेटवाल्याच्या आईला विचारा. माळ्यावर. गोणपाटात गुंडाळून, गणपतीच्या मखराशेजारी. तो टाकून द्यायचा नसतो. खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षं तिच्याकडे ढुंकून कुणी बघत नाही. पंधरा वर्षांत मूल दहावीला बसतं. तेवढ्या काळात गाडीचं हँडल बदला, चाकं बदला, दिवे बदला, समोरच्याला आंधळं करणारी एलईडीची पट्टी लावा, चारचाकी असेल तर काचा अशा काळ्या करा की आत माणूस आहे की म्हैस, कळू नये. पंधरा वर्षं पुरी झाली की नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवायला तपासणी लागते. त्या सकाळी माळ्यावरून सायलेन्सर उतरतो, पुसला जातो, चढवला जातो. गाडी सोज्वळ होऊन जाते आणि दुपारच्या जेवणाआधी पुन्हा बिघडते.

मधे पीयूसी असते, हो. पण पीयूसीच्या यंत्राला नाक दिलंय, कान दिलेला नाही. ते नळी खुपसून धूर हुंगतं. तोच नळकांडा गल्लीतल्या प्रत्येक घराच्या काचा हलवत आला असेल, तरी प्रमाणपत्रावर त्याबद्दल एक अक्षर येत नाही. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलीला ८० डेसिबलची मर्यादा कागदावर आहे. चौकात ती मोजतो हवालदाराचा कान, आणि तो कान आधीच दहा वर्षं चौकात उभा राहून गेलेला असतो.

टेम्पोवाल्याला मात्र ही १५ वर्षांची माया नाही. त्याला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग. तिथे चमकणारी पट्टी पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी आहे की नाही हे डोळ्यात तेल घालून पाहतात. पिवळी पट्टी दोन बोटं वाकडी लागली म्हणून परत पाठवलेला भाजीचा टेम्पो मी पाहिलाय. माझी तक्रार नाही. रात्री उसाच्या ट्रॉलीमागे ज्याने कधी अचानक ब्रेक दाबलाय, त्याला पट्टीची किंमत सांगावी लागत नाही. मी फक्त विचारतो, ही दोन बोटांची नजर एरवी कुठे जाते?

कारण मांडवातल्या माईकच्या मागे जे उभं होतं, ते कुणालाच दिसलं नाही. तिथे साउंडवाल्याचा ट्रक उभा होता. कार्यक्रमाचा माईक, स्पीकर, जनरेटर सगळं त्याचं, मोफत सेवा. हा तोच ट्रक, जो मिरवणुकीत डीजेची भिंत होऊन निघतो. कायदा म्हणतो, मालकाने वाहनात परवानगीशिवाय बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलाला, लक्षात घ्या. चला, मोजू. हौद्याच्या दोन्ही अंगांना हातहातभर बाहेर आलेली लोखंडी चौकट, एक. रस्त्यावर २.६ मीटरपेक्षा रुंद वाहन चालत नाही. हा ट्रक निघाला की गल्ली स्वतःहून अंग चोरते. चौकटीवर दोन मजले स्पीकर, दोन. केबिनच्या डोक्यावर जनरेटर, तीन. टप कापून केलेला नाचायचा चौथरा, चार. वर वीज आणि केबलच्या तारा उचलायला बांबू घेतलेला पोरगा. तो बदल आहे की सुटा भाग, यावर तज्ज्ञांनी मत द्यावं. आणि समोरच्या काचेवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, नेत्याचा फ्लेक्स. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. नेत्यातून शून्य टक्के जातो. चालकाला दिसावं म्हणून नेत्याच्या हनुवटीखाली वीतभर चौकोन कापलेला असतो आणि त्यातून तो हजार माणसांच्या गर्दीत ट्रक घालतो. माझ्या भाच्याने गाडीच्या बाजूच्या काचेला उन्हासाठी जरा काळी फिल्म लावली, तर ती त्याला भर रस्त्यात नखाने सोलायला लावली होती. त्याच्या काचेवर नेता नव्हता, ही त्याची चूक.

हे हसण्यावारी न्यायचं बाजूला ठेवतो आता. आमच्या गल्लीतले एक काका दरवर्षी मिरवणुकीच्या आदल्या दिवशी हृदयाच्या गोळ्यांची पिशवी घेऊन लेकीकडे गावी जातात. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या सणाला. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, असं २००० सालच्या नियमांत लिहिलंय. रात्री दहानंतर भोंगे बंद, असंही लिहिलंय. आणि मग वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, हेही त्यांतच लिहिलंय. ती १५ दिवसांची यादी मात्र सगळ्या मंडळांना तोंडपाठ असते. कपाटातली भांडी थरथरतात, पाळण्यातलं पोर दचकून काळंनिळं होतं, खिडक्यांना उशा लावून बसायचं आणि सकाळी पेपरात वाचायचं की मिरवणूक जल्लोषात आणि शांततेत पार पडली. शांततेत! एका पोराच्या बुलेटखाली वाकून नळकांडं उपटायला ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांचे हात या भिंतीपाशी आले की नमस्काराला का जोडले जातात? बुलेटवालं पोर वात्रट आहे, त्याला दोन फटके द्या, माझी काही हरकत नाही. पण त्याचा सायलेन्सर अडीच फुटांचा आहे म्हणून तो रोलरखाली येतो आणि ट्रक दोन मजल्यांचा आहे म्हणून मांडवात पाहुणा होतो, हा न्याय नव्हे. ही मापं बघून केलेली निवड आहे.

मी एका अधिकाऱ्यांना विचारलं, "साहेब, हा ट्रकही घ्या की रोलरखाली."

साहेब हसले. म्हणाले, "अहो, रोलरला एवढा चढ चढवत नाही."

तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं. आभार साउंडवाल्याचेही मानले गेले, रोलरच्या चालकाचेही. दुकानदारांचे राहिले.

वाचकांना एक सांगून ठेवतो, सण तोंडावर आहेत म्हणून. आवाजाचा त्रास असह्य झाला तर ११२ला फोन करता येतो. फोन लागला की पत्ता मोठ्याने आणि दोनदा सांगा. तुमच्या मागे डीजे चालू असेल, पहिल्यांदा त्यांना ऐकू येणार नाही.